माठावरचा ओला फडका

माय,

रक्ताचा रिपोर्ट मंगळवारी आला. आजार मायस्थेनियाच आहे, असं औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. बुधवारी मी इथे बुलडाण्यात गोळ्या आणल्या. आज शनिवार. पट्टी टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी पडून आहे आणि तिच्यातली एकही गोळी मी घेतलेली नाही.

ताजं आधी सांगायचं आणि ते कुणी सांगितलं हे लगेच जोडायचं, ही माझी सवय. बावीस वर्षं पेपरात हेच करते आहे. तुला पत्र लिहायला बसले तरी हात त्याच वाटेने गेला. खरं तर तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही. तू होतीस तेव्हाही माझी पत्रं शेजारची खालाच तुला वाचून दाखवायची. पण गेले चार दिवस मी घरात नुसती फिरते आहे. खुर्चीवर बसते, उठते, खिडकीशी जाते, एक डोळा हाताने झाकून बाहेर बघते, पुन्हा टेबलाशी येते. लिहिताना निदान एका जागी बसून राहीन, असं वाटलं.

सुरुवात पेपरचं पान लावताना झाली. सकाळी सगळं ठीक असायचं. चार वाजले की डावी पापणी जड व्हायची आणि पाचच्या सुमाराला मथळ्यावर मथळा दिसायचा, एक खरा आणि एक त्याच्या बाजूला थोडा वर सरकलेला. एक डोळा मिटला की पान पुन्हा सरळ. ऑफिसात थट्टा झाली, "मॅडम, या वयात कुणाला डोळा मारताय?" मी हसले, पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. चष्मा दोनदा बदलला. शेवटी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की दोष डोळ्यात नाही, नसांच्या डॉक्टरकडे जा.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी मला मान न हलवता वर छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापणी आपोआप खाली आली, शटर ओढल्यासारखी. मग हातमोज्यात बर्फ भरून त्यांनी तो माझ्या मिटलेल्या डोळ्यावर धरला. दोन मिनिटं घड्याळ लावून. बर्फ काढला आणि आरसा पुढे केला. पापणी वर होती, डोळा पूर्ण उघडा. "गारव्याने थोडा वेळ काम सुधारतं," त्या म्हणाल्या, "म्हणून ही साधी तपासणी." त्या पुढेही समजावत होत्या, की शरीराची राखण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच स्नायूंवर उलटते, नसेतून निघालेला निरोप स्नायूपर्यंत पुरता पोचत नाही, डोळ्याचे स्नायू दिवसभर हलत असतात म्हणून आधी तेच थकतात. मला ऐकू येत होतं, पण मी आरशात बघत होते आणि मला तू दिसत होतीस. माठाशी उभी, ओला फडका डोळ्यावर दाबून.

विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत आपण कपाशीचं बीजोत्पादन घेतलं ते वर्ष. बीटीचं बियाणं आलं होतं आणि देऊळगाव राजाच्या आसपास गावोगाव कंपन्यांचे प्लॉट सुरू झाले होते. बाबा मी शाळेत असतानाच गेले, शेत तुझ्या नावावर होतं आणि प्लॉटच्या करारावर अंगठाही तुझाच. चार ओळी मादीच्या, एक नराची. बायांची सावड होती, आज आपल्याकडे तर उद्या शेजारच्या खालाकडे. दुपारी तीननंतर दुसऱ्या दिवशी फुलणाऱ्या कळ्या हेरायच्या, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि आतले परागाचे पिवळे दाणे एका झटक्यात सोलून काढायचे, मधली नाजूक दांडी मोडू द्यायची नाही. सोललेल्या कळीवर लाल कागद अडकवायचा. सकाळी लाल कागद दिसला की तिथे नराचं फूल आणून त्या दांडीवर घासायचं. एक जरी दाणा कळीत राहिला तर ती स्वतःचाच पराग घेते आणि त्या बोंडातलं बियाणं संकर राहत नाही. हे सगळं मला तूच शिकवलंस. तुझं नख असं चालायचं की खाला म्हणायची, "तुही माय कळीले दुखू देत नाही वं."

त्याच तुझ्या हातून कळ्या बिघडायला लागल्या. सकाळचं काम तुझं सगळ्यांत चोख. दुपार कलली की तू मागे पडायचीस. हनुवटी वर करून, डोळे अर्धे मिटून बघायचीस. मध्येच एक डोळा गच्च मिटायचीस. सावडीतल्या बाया तोंडाळ. एकीने ओरडून विचारलं, "काय वं, कोणाले डोळा मारून राह्यली? इथं तर समदे कपाशीचेच नर हाय!" तू लगेच म्हणालीस, "तुह्याच नवऱ्याले मारणार होती, पण थो तर ढाळजेत घोरून राह्यला!" सगळा प्लॉट हसला. खाला तर खाली बसली हसून. मीही हसले. त्यानंतर तू हळूच मला म्हणालीस, "मले दोन-दोन दिसून राह्यलं वं. सोलाले जातो एक कळी अन् नख लागते तिच्या बाजूले." मी कॉलेजात शिकणारी, एकोणीस वर्षांची, शनिवार-रविवार घरी येणारी. मी म्हटलं, चष्मा कर. तू म्हणालीस, प्लॉट झाला की करू.

मग तू आपला एक उपाय शोधलास. बांधावरच्या निंबाखाली माठ होता, त्यावर एक फडका. दर अर्ध्या तासाने तू ओळ सोडून माठाकडे जायचीस, फडका गार पाण्यात बुडवून डोळ्यावर धरायचीस आणि परत येऊन म्हणायचीस, "आता एक दिसते." पाच-दहा कळ्या नीट सोलायचीस. मग पुन्हा माठ. मला ते कामचुकारपणाचं वाटलं. खरंच वाटलं, माय. दुसऱ्यांच्या बाया उन्हात राबतायत आणि आपल्याच प्लॉटची मालकीण दर अर्ध्या तासाला सावलीत.

कंपनीचा माणूस पाहणीला आला, तो दिवस शनिवार होता म्हणून मी होते. पायात बूट, हातात वही. तो तुझ्या ओळीत थांबला, एक लाल कागद उचलला, दुसरा उचलला, तिसरा. कागद जागेवर, कळी अर्धीच सोललेली, एका बाजूचे पिवळे दाणे तसेच. "बाई," तो म्हणाला, "कागद लावला म्हणजे काम झालं नाही." तू हनुवटी वर करून त्याच्याकडे बघत राहिलीस आणि त्याला ते उर्मटपणाचं वाटलं असणार. गावालाही वाटायचं. प्लॉट घेतला तर मान वर झाली, असं बोलायचे. तो गेल्यावर मी तुझ्यामागे माठापाशी आले आणि सगळ्या बायांसमोर म्हणाले, "तुझं लक्ष कळीवर नाही, माठावर आहे." तू फडका डोळ्यावरून काढलास. एक डोळा उघडा, दुसरा अर्धा. "बरं," म्हणालीस आणि ओळीत गेलीस. त्या संध्याकाळी तू परत माठाकडे आली नाहीस.

उन्हाळ्यात कंपनीकडून चिठ्ठी आली. बियाण्याची शुद्धता कमी, प्लॉट फेल. सगळं बी परत. मी रविवारी घरी आले तेव्हा पोती ओसरीवर होती आणि तू त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होतीस, ताट अगदी नाकाजवळ धरून. मी तेव्हा जे बोलले ते सगळं आता लिहीत नाही. शेवटचं वाक्य लिहिते, कारण तेच माझ्याबरोबर राहिलं आहे. "तुझ्यामुळे गेलं हे वर्ष." तू बोलायला लागलीस तर तुझा आवाज नाकातून आल्यासारखा येत होता. रडते आहेस असं समजून मी बाहेर निघून गेले आणि दुपारच्या गाडीने बुलडाण्याला परतले.

पुढच्या आठवड्यात मामांचा निरोप आला. मी गाडीतून उतरून धावत गेले तो देऊळगाव राजाच्या बाजारातल्या एका खाजगी दवाखान्यात तू खाटेवर होतीस. तोंडातून लाळ गळत होती, श्वास अगदी वरवरचा, पापण्या मिटलेल्या. डॉक्टरांनी खोलीतल्या सगळ्यांकडे बघून विचारलं, "यांनी काही घेतलं का?" त्या वर्षांत कपाशीच्या गावातून असा माणूस आणला की हाच पहिला प्रश्न असायचा, आणि तो विचारणाऱ्याला मी आजही दोष देत नाही. प्लॉट फेल गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "घेतलं असेल. घरात भांडण झालं होतं."

कुणी बघितलं नव्हतं. फवारणीच्या औषधाचा डबा कुठे सापडला नव्हता. मी गावात नव्हतेच. तरी मी म्हणाले आणि त्यावर पुढचं सगळं झालं. नाकातून नळी घातली, पोट धुतलं. कंपाउंडर म्हणाला, "वास तर काही येऊन नाही राह्यला." कुणी लक्ष दिलं नाही. मग जीपमध्ये घालून जालन्याकडे. देऊळगाव राजा मागे पडल्यावर तुझा हात माझ्या हातात सैल झाला. मामांनी पोलीस, पंचनामा नको म्हणून तिथूनच गाडी वळवली. कागदावर ताप लिहिला गेला. गाव काय बोलायचं ते बोललं आणि मीही मनात तेच लिहून घेतलं.

नंतर मी बातमीदार झाले. अशा घरांच्या ओसरीवर किती वेळा बसले. प्रत्येक ठिकाणी विचारायचे, कुणी बघितलं, डबा कुठे आहे, डॉक्टर काय म्हणाले, पोलीस काय म्हणाले. दोन माणसांकडून खात्री झाल्याशिवाय कारण लिहायचं नाही, हे मी नव्या मुलींना शिकवते. तुझ्या बाबतीत एकाही माणसाला विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. उत्तर ठाऊक आहे असं मानून मी गावी जाणंच कमी केलं, खालाच्या घरी तर गेलेच नाही.

आता गोळीचं. बुधवारी बाईंना फोन करून विचारलं की ही गोळी नेमकं करते काय. मला सगळं विचारायची खोड. त्यांनी सांगितलं, निरोप पोचवणारं जे द्रव्य शरीरात लगेच मोडून टाकलं जातं, त्याचं मोडणं ही गोळी काही तास थांबवते, म्हणजे थोडा निरोपही पुरतो. मी विचारलं, असं दुसरं काही करतं का? त्या सहज म्हणाल्या, "फवारणीची काही औषधं तिथेच काम करतात. ती घट्ट धरून ठेवतात, ही काही तासांत सुटते. मोजून दिलेली आहे, घाबरू नका." मी बरं म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून पट्टी टेबलावर आहे. तू ज्याने गेलीस त्याचीच लांबची नातलग माझ्या जिभेवर ठेवायची, आणि तीही मी एकटीने, पाण्याच्या घोटाबरोबर. तीनदा गोळी फोडायला घेतली. तीनदा हात धुऊन आले.

त्याच फोनमध्ये बाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला असं काही होतं का? हा आजार आईकडून मुलीकडे सरळ येतो असं नाही, पण विचारतो आम्ही. मी म्हणाले, आईची पापणी पडायची. जुना फोटो असेल तर पाठवा, त्या म्हणाल्या. माझ्याकडे तुझा एकही फोटो नाही. खालाकडे असेल, तिच्या मुलीच्या निकाहातला. काल सकाळी दहाला मी तिला फोन लावला. इतक्या वर्षांनी. तिने आवाज लगेच ओळखला.

"जित्ती हायेस का वं पोरी? मले वाटलं पेपरात आमच्यासारख्याची बातमी येत नाही म्हणून फोन बी येत नाही."

मी फोटोचं सांगितलं, माझ्या डोळ्याचं सांगितलं.  ती म्हणाली, "तुह्या मायले बी असंच झालं होतं. आधी डोळे. मंग घास चावता चावता जबडा थकून जाये. हातानं वर धरून चावे. आखरी तीन दिवस तर पाणी बी गियता येत नव्हतं. चाय पाजला का नाकातून वापस. मी चमच्यानं पाजून राह्यलती अन् थे ठसकून ठसकून निळी."

मी विचारलं, "मला का नाही कळवलं?"

"थेच म्हणे नको. तुही परीक्षा होती. पोरगी चिडेल म्हणे."

 मी बातमीदाराने विचारावा तसा प्रश्न विचारला. "खाला, मायने जहर घेतलं होतं का?"

 ती चिडली. "पागल झाली का वं? जिच्या नरड्यातून चमचाभर पाणी उतरत नव्हतं, थे जहर कसं गियन? मी होती ना तिच्यापाशी, तीन रात्री अन् तीन दिवस. दवाखान्यात बी मीच आणली. बाहेर उभी होती तिच्या चपला हातात धरून. कोणं विचारलं मले? तू विचारलं?"

नाही विचारलं. दाराबाहेर चपला धरून उभी असलेली बाई मला दिसली होती, माय. मी तिच्या बाजूने आत गेले.

खालाच्या सुनेने अर्ध्या तासात फोटो मोबाइलवर पाठवला. मांडवात तू निळ्या लुगड्यात, मान मागे, हनुवटी वर, डावी पापणी अर्ध्यावर. मी तो बाईंना पाठवला. त्यांनी दुपारी फोन केला. "फोटोवरून मी निदान करत नाही," त्या म्हणाल्या. "पापणी पडलेली आहे आणि त्या हनुवटी वर करून पापणीखालून बघताहेत, एवढंच दिसतं." मी नाकातून येणारा चहा सांगितला, जबडा सांगितला, लाळ सांगितली.  त्या म्हणाल्या, "गिळता येत नसलं की लाळ बाहेर येते. या आजारात गिळणं आणि श्वास अडकला तर ती घाईची वेळ असते. तुम्हालाही तसं वाटलं तर एक मिनिट थांबायचं नाही." मी विचारलं, तेव्हा मी ते वाक्य बोलले नसते तर ती वाचली असती का? त्या म्हणाल्या, "तेव्हा, तिथे, श्वासाचं यंत्र नसताना? मला सांगता येणार नाही." माझ्या धंद्यात याला खात्री म्हणत नाहीत. एक फोटो आणि एक साक्षीदार. पण ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला, तिला तर एकही साक्षीदार नव्हता.

काल दुपारपासून शांत वाटायला हवं होतं. वाटत नाही. तू स्वतःहून गेली नाहीस, हे कळलं आणि त्याच्याच शेजारी हेही कळलं की तू तीन दिवस गुदमरत होतीस आणि मी चिडेन म्हणून मला कळवलं नाहीस. दोन्ही एकदम दिसतं. डोळा मिटून यातलं एक घालवता येत नाही.

पुढचं असं आहे. उद्या रविवारी खाला सकाळच्या गाडीने येते आहे. "माह्यासमोर घे गोयी, तुहा भरवसा नाही," म्हणाली. नाश्ता झाला की पहिली गोळी. अर्ध्या-पाऊण तासात पापणी उचलेल अशी बाईंची अपेक्षा आहे. दोन दिसणं एवढ्याने गेलं नाही तर दुसरं औषध, थोड्या मात्रेपासून, हळूहळू वाढवत. सोमवारी छातीचं स्कॅनिंग आहे, तिथल्या एका ग्रंथीवर त्यांना संशय आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, उद्या खाला आली की तिच्याकडूनच एकदा वाचून घ्यावं असं मनात होतं, पण तेही करणार नाही. एक गोष्ट मी वर गाळली आहे आणि ती तिला ठाऊक आहे, ती तिथेच उभी होती. त्या शनिवारी तू "बरं" म्हणून ओळीत गेल्यावर मी माठावरचा तो ओला फडका उचलला आणि विहिरीत टाकला. म्हणून तू परत माठाकडे आली नाहीस. आता चार वाजत आलेत, अक्षरं दोन व्हायला लागली आहेत. मी स्वयंपाकघरातून एक फडका भिजवून आणला आहे.